दुसरा हात कुठाय?

"मावशी, आईला सांगू नकोस हं," असं म्हणत भाच्यानं फ्रीजरमधली मटारची पिशवी काढली आणि कोपराला लावून स्वयंपाकघरात खाली बसला. रात्रीचे साडेदहा वाजलेले. वय वर्षं तेरा. त्या दिवशी दुपारी एका संघाकडून खेळून आलेला, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या संघाचा सामना. मी मावशी, त्यातून पाहुणी. सांगू की नको?

सांगितलं. त्यावरून घरात काय महाभारत झालं ते पुढे येईलच. आधी मी तिथे कशी पोहोचले ते सांगते. २०२५ च्या सप्टेंबरात ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि मी तीन महिन्यांसाठी कॅनडात, टोरंटोजवळच्या मिसिसॉगाला गेले. जाताना बॅगेत मेतकूट, डिंकाचे लाडू आणि कुळथाचं पीठ. येताना डोक्यात बेसबॉल! हसू नका मैत्रिणींनो. कॉलेजात असताना मी दोन वर्षं सॉफ्टबॉल खेळले आहे. आपल्याकडे खानदेश-विदर्भात शाळा-कॉलेजांतून हा खेळ बऱ्यापैकी खेळतात, त्यामुळे पिचर, कॅचर, होमरन हे शब्द मला काही नवे नव्हते. सॉफ्टबॉलमध्ये पिचर चेंडू खालून टाकते, बेसबॉलमध्ये खांद्यावरून. त्या एका फरकानं कोपराचं काय होतं ते मात्र तिथे गेल्यावर कळलं.

त्या वर्षी टोरंटोचा ब्लू जेज हा संघ १९९३ नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम लढतीला पोहोचला होता. दुकानात, बसमध्ये, ताईच्या व्यायाम करून घेणाऱ्या बाईंच्या तोंडी तेच. ताई पाय उशीवर ठेवून टीव्हीसमोर आणि मी शेजारी भाजी निवडत. आठवड्याभरात माझी भाजी तशीच राहू लागली.

हा खेळ पिचरभोवती फिरतो. आपल्या क्रिकेटमधला गोलंदाज एक षटक टाकून श्वास घेतो. इथे एकच माणूस सलग पाच-सहा डाव ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास चेंडू फेकत राहतो आणि मग चार-पाच दिवस त्याच्या हाताला सुटी. साध्या मोसमात सामने किती? १६२! मी बचत गटाचे हिशेब लिहिणारी बाई, वही काढलीच. १६२ सामने, प्रत्येकी नऊ डाव, झाले १४५८. सामना सुरू करणारे पिचर पाच. प्रत्येकानं दुखण्याशिवाय १७० डाव टाकले तरी होतात ८५०. उरलेले सहाशे कोण टाकणार? आणि पाचही जण वर्षभर धडधाकट राहिले असं तर सहसा होतच नाही. म्हणजे संघाची खरी ताकद पहिल्या पाचांत नाही, सहाव्यापासून पंधराव्यापर्यंतच्या हातांत आहे. हे कळलं आणि मी या खेळाच्या प्रेमातच पडले.

तिसरा सामना २७ ऑक्टोबरला लॉस एंजलीसला होता. आमच्याकडे रात्री आठला सुरू झाला आणि संपला तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते! नऊ डावांचा सामना अठरा डाव चालला, सहा तास एकोणचाळीस मिनिटं. मध्यरात्री मी पोहे केले, दोनला चहा. दोन्ही संघांनी मिळून १९ पिचर वापरले. डॉजर्सनी अगदी शेवटी आणला तो विल क्लाईन. वर्षाचा बराच काळ खालच्या संघात काढलेला, आधीच्या फेऱ्यांत यादीतही नसलेला मुलगा. त्यानं चार डाव टाकले आणि एकही धाव दिली नाही. आमच्या टोरंटोकडूनही असाच एक जण उभा राहिला. एरिक लॉवर, २०२४ मध्ये कोरियात जाऊन खेळलेला, टोरंटोनं खालच्या संघाच्या करारावर घेतलेला. तोही साडेचार डावांहून जास्त टिकला. आम्ही ६-५ नं हरलो. ताई रडली. मी मात्र त्या दोघांचाच विचार करत अंथरुणावर पडले. फारसं नाव नसलेली ही दोन माणसं. त्यांना कुणीतरी शिकवत, खाऊपिऊ घालत, तयार ठेवलं होतं म्हणूनच तर त्या रात्री ती उपयोगी पडली.

खाऊपिऊ घालत हे मी उगाच म्हणत नाही. मोठ्या संघाखाली चार-पाच पायऱ्यांचे छोटे संघ असतात. तिथली पोरं वर्षानुवर्षं अर्धपोटी राहायची, एकेका खोलीत दाटीवाटीनं झोपायची. २०२२ पासून राहण्याची सोय क्लबांनी करायची असं ठरलं. २०२३ मध्ये या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला, आणि सर्वांत वरच्या पायरीवरचं किमान वार्षिक मानधन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० वर गेलं. मोठ्या संघातले कोट्यधीश आणि त्यांच्या जागेवर उद्या उभा राहायचा तो पोरगा उपाशी, असा कारभार इतकी वर्षं चालला याचंच मला नवल वाटतं.

आता ट्रे यसॅव्हेजची गोष्ट. टोरंटोनं त्याला २०२४ मध्ये कॉलेजातून निवडलं आणि त्या वर्षी एकाही सामन्यात उतरवलं नाही. २०२५ च्या एप्रिलात अगदी खालच्या पायरीवर सुरुवात. मग एकेक पायरी चढत १५ सप्टेंबरला मुख्य संघात. आणि २९ ऑक्टोबरला वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात बावीस वर्षांच्या या मुलानं सात डावांत बारा जणांना स्ट्राइकआउट केलं, एकालाही फुकट बेस दिला नाही. भाचा सोफ्यावर उड्या मारत होता, भाऊजी त्याला बसवता बसवता स्वतःच उभे राहिले!

त्याच २०२४ च्या निवडीत खाल स्टीफन नावाचा आणखी एक पिचर टोरंटोनं घेतला होता. त्याला २०२५ च्या जुलैअखेर क्लीव्हलँडला देऊन टाकलं आणि बदल्यात शेन बीबर आणला. बीबर नावाजलेला पिचर, पण २०२४ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झालेला. आमच्या भाऊजींच्या मते हा सौदा उत्तम. मला मात्र त्यात बियाणं विकून दिवाळी केल्यासारखं वाटतं. खरं सांगायचं तर बीबरनं चौथा सामना जिंकून दिला, ते मी नाकारत नाही. सातव्या सामन्यात अकराव्या डावात जो होमरन बसला तोही त्याच्याच चेंडूवर बसला, पण म्हणून त्याला दोष देणं बरोबर नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. असा सौदा करावा लागतो याचा अर्थ दोन-तीन वर्षांपूर्वी कुणीतरी पेरणी चुकवलेली असते. मग तयार माणूस महागात घ्यावा लागतो. त्याच हिवाळ्यात टोरंटोनं डिलन सीझला सात वर्षांसाठी २१ कोटी डॉलर कबूल केले. एवढ्या पैशात खालच्या पायऱ्यांवर किती शिक्षक, किती डॉक्टर ठेवता आले असते, हा हिशेब मला सुटत नाही. भाऊजी म्हणतात, "तुम्हाला धंदा कळत नाही." नसेल कळत.

पण खरं भांडण झालं ते यामामोतोवरून. डॉजर्सच्या या जपानी पिचरनं ३१ ऑक्टोबरला सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकले आणि दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्यात येऊन आणखी ३४. डॉजर्स ५-४ नं जिंकले. पराभव आमचा, तरी मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. आणि मग भाचा माझ्याकडे वळून म्हणाला, "बघितलंस मावशी? तो नाही का टाकत लागोपाठ!"

काय उत्तर द्यावं? म्हटलं, अरे, तो सत्तावीस वर्षांचा आहे, तू तेरा. तो भाले फेकून सराव करतो, त्याच्यामागे माणसं आहेत. तुझ्यामागे कोण आहे, मटारची पिशवी?

तर ती पिशवी. मी ताईला सांगितल्यावर ताईनं भाऊजींना सांगितलं, भाऊजींनी भाच्याला झापलं आणि भाचा माझ्याशी चार दिवस बोलला नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वाढीच्या वयात कोपराच्या हाडाचं टोक कच्चं असतं, त्यावर सारखा ताण येऊन सूज आली आहे. फेकणं पूर्ण बंद, मग हळूहळू. नशीब की दोरी तुटली नव्हती. दोरी म्हणजे कोपरातला स्नायूबंध. तो तुटला की दुसऱ्या जागची शीर काढून तिथे बसवतात. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली, त्याच्याच नावानं ती ओळखली जाते. एकेका खेळाडूचं वर्ष-दीड वर्ष त्यात जातं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मेजर लीगनं या दुखापतींवर मोठा अहवाल काढला. वेगाच्या मागे लागणं, प्रत्येक चेंडू जीव तोडून फेकणं, आणि हे शाळकरी वयापासून सुरू होणं, अशी कारणं त्यात सांगितली आहेत.

बरं, नियम नाहीत असं नाही. २०१४ पासून अमेरिकेत 'पिच स्मार्ट' नावाची वयानुसार मर्यादा आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलानं दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू, ६६ किंवा त्याहून जास्त झाले तर चार दिवस सुटी, आणि वर्षातून निदान चार महिने हाताला पूर्ण आराम. भाच्याच्या दोन्ही संघांतही चेंडू मोजत होते. पण प्रत्येक संघ आपापलेच मोजायचा! शनिवारचे ६० एका वहीत, रविवारचे ५५ दुसऱ्या वहीत. कागदावर दोन्हीकडे सगळं नियमात, आणि हात तर एकच.

मी दोन्ही आकडे एकाच वहीत लिहून फ्रीजवर लावले. नंतर एका शनिवारी भाच्याबरोबर सामना बघायला गेले तेव्हा प्रशिक्षकांना दाखवलेही. ते गृहस्थ वाईट नव्हते. म्हणाले, "मॅडम, माझ्याकडे नीट चेंडू टाकणारी दोनच मुलं आहेत. याला विश्रांती दिली तर आणू कुणाला?" मी विचारलं, बाकीच्या दहा जणांना कधी शिकवलंत का? ते गप्प बसले. मग म्हणाले, "वेळ कुठाय, सामने जिंकावे लागतात. आई-बाप फी भरतात." तेही खरं. ताई-भाऊजीसुद्धा जिंकल्यावरच खूश व्हायचे ना!

इथेच माझं घोडं अडतं. सगळे म्हणतात मुलांचे हात जपा, मर्यादा पाळा. पण दुसरा हात तयार नसेल तर मर्यादा पाळणार कशी? जपणूक ही काही नुसती मायेची गोष्ट नाही, ती सोय करून ठेवावी लागते. आमच्या गटात बँकेचं काम येणारी एकच बाई होती. तिला कावीळ झाली तेव्हा तापात तिच्याकडून सह्या करून घेतल्या आम्ही! लाज वाटते आठवलं की. त्यानंतर तिघींना शिकवलं. पहिले दोन महिने हिशेब चुकले, चुकू दिले. प्रशिक्षकांनाही मी तेच म्हटलं, चार सामने हरा, पण पाच मुलं तयार करा. ते हसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

आणि हो, यसॅव्हेजला सातव्या सामन्यात पुन्हा आणला, पाचव्यात शंभरावर चेंडू टाकून तीनच दिवस झालेले असताना. आठव्या डावात त्याला होमरन बसला. अंतिम सामना आहे, सगळे उतरतात, हे मला कळतं. तरी इतकं जपून वाढवलेलं पोर त्या घाईत बघून पोटात कालवलंच.

आपल्या देशातली दोन मुलंही या वाटेनं गेली होती. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, भालाफेक करणारी. २००८ मध्ये एका स्पर्धेतून निवडून पिट्सबर्गच्या संघानं त्यांना करारावर घेतलं. २०१४ मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला, ए. आर. रहमानच्या संगीताचा. दिनेशला २०१० मध्ये सोडलं. रिंकू जास्त टिकला, पण पुढे हाताच्या दुखण्यानं त्याचाही खेळ थांबला. सिनेमा निवड होण्यापर्यंतच रंगतो. पुढची वर्षं दाखवायला कुणाला वेळ असतो!

मी डिसेंबरात परतले. वही तिथेच ठेवून आले. परवा ताईचा फोन आला होता. भाचा सध्या चेंडू टाकत नाही, मार्चपर्यंत टाकायचा नाही असं ठरलंय. त्याऐवजी संघातल्या एका गोलमटोल मुलाला तो पकड कशी धरायची ते शिकवतो. त्या मुलाचा पहिला चेंडू म्हणे थेट जाळीवर गेला, दुसरा प्रशिक्षकांच्या पायावर. वहीत आता त्याच्याही नावाचा रकाना पाडलाय.