मानी बापाचा हिशेब

ठाण्यात तलावपाळीवर 1978 साली उभ्या राहिलेल्या रंगायतनाला राम गणेश गडकऱ्यांचे नाव आहे. त्यांच्या 'एकच प्याला'तील सुधाकर 1919 पासून मराठी प्रेक्षकाच्या सहानुभूतीचा धनी झालेला आहे. भर कोर्टातला अपमान सोसवला नाही म्हणून तो प्यायला, केवढा बाणेदार! पण त्याच बाण्यापायी सिंधूला माहेरची मदत नाकारून जात्यावर बसावे लागले, याचा हिशेब प्रेक्षागृहात कोणी मांडत नाही. डोळे पुसून मंडळी घरी जातात.

हा अभिमान वस्तुतः मालकीचा आहे. कारखानदाराची मालकी ज्याला सलते, तोच कामगार उंबरठ्याच्या आत मालक होऊन बसतो. वागळे इस्टेटीतील कारखाने एकामागून एक बंद पडले, 2009 साली मोहन्याची एन.आर.सी. बंद झाली. थकलेल्या देण्यांसाठी कामगार लढले, ते न्याय्यच होते; पण देणी मिळाल्यावर ती कोणाच्या हाती पडणार, हा प्रश्न चळवळीने घरगुती ठरवून बाजूला सारला. त्यातील निम्मा वाटा पत्नीच्या खात्यावर जमा व्हावा, ही मागणी सनदेत का नसावी? नोकरी गेली म्हणून माणूस पितो, हे समर्थन अपुरे आहे. त्याच चाळीतून त्याची पत्नी पहाटे डोंबिवलीतील चार घरची धुणीभांडी करायला निघते. अपमान तिचाही रोज होतो, पण त्यावर कोणी नाटक लिहीत नाही.

आणि शासन? राज्यघटनेचे 47 वे कलम दारूबंदीसाठी प्रयत्न करण्यास सांगते. जून 2025 मध्ये मद्यावरील शुल्क वाढविले गेले, ते वर्षाला 14,000 कोटी रुपयांचा जादा महसूल मिळावा म्हणून. किंमत वाढली की मागणी घटते, हा पाठ्यपुस्तकी सिद्धांत व्यसनी माणसाच्या घरात लंगडा पडतो. तो पूर्वीइतकीच पितो. कपात होते ती दुधात आणि पोरांच्या वह्यांत.

दुकान बंद पाडण्याचा अधिकार स्त्रियांना दिला आहे खरा. परंतु वॉर्डातील एकूण नोंदलेल्या स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते 'आडव्या बाटली'ला पडली पाहिजेत; झालेल्या मतदानातील बहुमत चालत नाही. हीच अट आमदारांना लावली तर विधानसभेची किती बाके भरतील? कामावरून रजा न मिळालेली, चाळ सोडून गेलेली, यादीत नाव उरलेली मृत स्त्रीसुद्धा येथे दुकानदाराच्या बाजूने मोजली जाते.