हिरवा पडदा आणि सत्य

आमच्या शाळेंत भूगोलाच्या तासाला एकदां भिंतीवर हिरवें कापड टांगलें. त्यापुढें एक विद्यार्थिनी उभी राहिली, मोबाईलनें तिचें चित्रण झालें, आणि थोड्या वेळानें पाहतों तों ती चंद्राच्या पृष्ठभागावर उभी राहून, २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चंद्रयान-३ तेथें कसें उतरलें, हें सांगत आहे! वर्गांत हंशा मात्र निराळ्याच कारणानें पिकला. तिच्या हातांतील हिरव्या बांगड्या नाहींशा होऊन त्यांच्या जागीं चंद्रावरील माती दिसत होती, आणि हाताचा पंजा मनगटावेगळा तरंगत होता.

त्या हंशांतच धडा होता. यंत्रास मुलगी, बांगडी व कापड यांतील भेद कळत नाहीं. तें केवळ हिरवा रंग शोधतें व तेथें दुसरें चित्र बसवितें. हिरवाच रंग कां? मनुष्याच्या कांतीच्या रंगाहून तो फार निराळा. शिवाय बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत दर चार प्रकाशबिंदूंपैकीं दोन हिरव्या रंगासाठीं असतात. कापडास सुरकुत्या नसाव्या, उजेड सर्वत्र सारखा पडावा, आणि मुलानें कापडाच्या चार-पांच फूट पुढें उभें राहावें. म्हणजे सावली पडत नाहीं.

कित्येक पालक विचारतात कीं, जेथें मूल गेलेंच नाहीं तेथें तें उभें आहे असें दाखविणें, हें असत्याचें शिक्षण नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. तो हंसण्यावारी नेऊं नये.

दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढें आणण्यापूर्वीं एक लहानसा प्रयोग केला होता. वाटाण्याच्या रोपाची अनेक दिवसांची वाढ टप्प्याटप्प्यानें टिपून त्यांनीं ती पडद्यावर अल्पावकाशांत दाखविली. तीहि युक्तीच, परंतु तिच्या योगें, डोळ्यांस एरवीं न दिसणारें सत्य दिसूं लागलें. पुढें १९४० सालच्या 'द थीफ ऑफ बगदाद' या चित्रपटांत निळ्या पडद्याचा उपयोग झाला. आजचा हिरवा पडदा त्याच कुळांतला होय. युक्ति स्वतः खरी नव्हे कीं खोटी नव्हे; ती कोणत्या हेतूनें योजिली, हें पाहिलें पाहिजे.

आमची विद्यार्थिनी चंद्रावर गेली, असें कोणीहि मानणार नाहीं. परंतु समजा, भर उन्हाळ्यांत घाणेवाडीचा तलाव आटला आहे, आणि कोणी पावसाळ्यांतील तुडुंब तलावाचें जुनें चित्र मागें लावून 'जालन्यास पाण्याची वाण नाहीं' असें सांगत आहे. दूरचा मनुष्य त्यावर सहज विश्वास ठेवील. युक्ति तीच, पहिल्या ठिकाणीं ज्ञान, दुसऱ्या ठिकाणीं फसवणूक. अशीं बनावट चित्रें आज घरोघरीं हातांतल्या मोबाईलवर येऊन पडतात. त्यांपासून मुलांचें रक्षण पडदा लपवून होणार नाहीं. ज्यानें स्वतः कापड टांगलें, ज्यानें बांगडी नाहींशी होतांना पाहिली, तो पुढें कोणतेंहि चित्र पाहतांना त्याच्या कडा न्याहाळील, आणि 'हें कोठलें? केव्हांचें?' असें विचारील. हाच खरा लाभ.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक चित्रफितीच्या शेवटीं हिरवें कापडहि दाखवावें, व मागील चित्र कोठलें आणि केव्हांचें, तें विद्यार्थ्यानें स्वमुखानें सांगावें. दुसरें, जेथें जाणें शक्य आहे तेथें प्रत्यक्षच जावें. चंद्र दूर आहे, हिमालय दूर आहे. परंतु कुंडलिकेचा कांठ आणि रामदासांचें जन्मस्थान जांब हीं तर आपल्याच जिल्ह्यांत आहेत.

विद्यार्थिमित्रहो, तेथें जाण्यास पडदा नको, पाय हवेत!