पोटातला सांधा गळतो तेव्हा

चिकूच्या वाडीत पाइपलाइन टाकली की आपला शेतकरी लगेच चर बुजवत नाही. आधी मोटर चालू करून एकेक सांधा पाहतो. आतड्याच्या ऑपरेशनचेही तसेच आहे. फरक एवढाच की, तिथला चर टाके घालून बुजवलेला असतो. आत गळती झाली तर ती बाहेरूनच ओळखावी लागते.

कॅन्सर, अडकलेला हर्निया किंवा टायफॉइडने पडलेले भोक अशा दुखण्यांत आतड्याचा तुकडा काढून दोन टोके जोडतात. सांधा गुदाशयाजवळ असेल तर सर्जन ओटीपोटात पाणी भरून खालून हवा सोडतात, सायकलच्या ट्यूबचे पंक्चर शोधतात तसे! बुडबुडे दिसले की तिथेच दुरुस्ती. पण त्या दिवशी पक्का दिसलेला सांधाही रक्तपुरवठा कमी पडला तर पुढे उसवतो. बहुधा पहिल्या आठवड्यात, कधी त्यानंतरही. विडी-तंबाखू आणि कुपोषण यांनी धोका वाढतो.

पोट असह्य दुखेपर्यंत वाट पाहू नये. नाडी मिनिटाला शंभरावर, श्वास जलद, ताप, पोट फुगणे, उलट्या, नळीतून घाण येणे, रुग्णाने असंबद्ध बोलणे, यातले काहीही दिसले तरी सावध व्हावे. रक्ताच्या सीआरपी तपासणीचाही उपयोग होतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित अभ्यासानुसार चौथ्या दिवशी हा आकडा लिटरला १२४ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर गळतीची शक्यता फार कमी. आकडा चढला म्हणजे गळती आहेच असे नव्हे. मग सीटी स्कॅन करून पाहतात.

आपल्या जिल्ह्यात खरी अडचण अंतराची. जव्हार-मोखाड्याचा रुग्ण सिल्वासा, नाशिक नाहीतर मुंबईला ऑपरेशन करून घेतो आणि लावणी खोळंबली म्हणून घरी यायची घाई करतो. मग गळती सुरू होते ती पाड्यावर. "गॅस झालाय" म्हणत ओवा आणि दुखण्याची गोळी दिली जाते. दुखणे दबते, विष पसरत राहते.

म्हणून घरी सोडताना रुग्णालयाने मराठीत चिठ्ठी द्यावी: काय कापले, काय जोडले, कोणती लक्षणे धोक्याची, फोन कोणाला करायचा. घरच्यांनी ती मागून घ्यावी, गावच्या आशाताईंना दाखवावी. पंधरवडाभर रोज नाडी आणि ताप मोजावा. शंका आली तर रात्र काढू नये, १०८ ला फोन करावा. लावणीला शेजारी हात देतील. गेलेला माणूस परत येत नाही.