परमुलखाची वीज आणि दुकानाची खाती

जोतिबाच्या डोंगरावर गुलाल, नारळ आणि खोबरे विकणाऱ्या एका कुटुंबातील मुलगा नोकरीनिमित्त न्यू जर्सीला गेला. तेथूनच हिशेब सांभाळावा, म्हणून आठ वर्षांची खाती असलेला दुकानाचा संगणकही त्याने बरोबर नेला. तेथे कळ दाबली, तर साधा दिवाही लागेना. "अण्णा, संगणक चालूच होत नाही. खाती गेली बहुधा," असा त्याचा फोन आला, तेव्हा विवरणपत्राची मुदत तोंडावर आली होती.

वडिलांनी फोन दुकानाच्या संगणक दुरुस्तीवाल्याच्या हाती दिला. त्याने पहिला प्रश्न केला तो विजेविषयी. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असते, अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. संगणकाच्या एसएमपीएसवर '१००-२४०' असे छापलेले असेल, तर तो दोन्हीकडे चालतो. काही एसएमपीएस केवळ २०० ते २४० व्होल्टचेच असतात. ते तेथे बदलावेच लागतात. काही जुन्यांना मागे लहान लाल बटण असते. या संगणकाचे बटण २३० वर होते. वायर काढून ते ११५ वर सरकवताच पंखा फिरू लागला. उलट प्रकार मात्र घातक ठरतो: ११५ वर ठेवलेला संगणक भारतात आणून जोडला, तर एसएमपीएस क्षणात जळू शकतो.

पंखा फिरला, तरी पडदा काळाच राहिला. प्रवासातील हादऱ्यांनी रॅम खाचेतून ढिली झाली असावी, हे दुरुस्तीवाल्याने ओळखले. पुन्हा वायर काढून, धातूच्या सांगाड्याला हात लावून मुलाने रॅम काढली, तिच्या पट्ट्या खोडरबराने हलकेच पुसल्या आणि टक् आवाज येईपर्यंत ती घट्ट बसवली. पंख्यातून चैत्र यात्रेचा गुलाल जमिनीवर सांडला. पडद्यावर खाती उमटली. तारीख तेवढी जुनी दिसत होती. मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा गोल सेल बदलल्यावर तीही जागेवर राहू लागली.

एसएमपीएस जळला, तरी हार्ड डिस्क बहुधा शाबूत असते आणि दुसऱ्या संगणकाला जोडून खाती वाचता येतात. पण 'बहुधा' या शब्दावर व्यापार चालत नाही. त्याच रात्री मुलाने खात्यांची एक प्रत डोंगरावरील दुकानाकडे पाठवली. ती उघडून शिल्लक जुळल्याचे पाहिल्यावरच अण्णांनी दुकानाचे दार ओढले.