मूळ गाडी, सुधारित गाडी आणि पाठभेद

रेडिओ-नियंत्रित शर्यतीच्या गाडीवर साहित्यविचाराच्या पानांत लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. 'रिमोटची गाडी' म्हटले की आपल्याकडे लहान मुलाचे खेळणे डोळ्यांसमोर येते. परंतु सुट्या भागांतून स्वतः जोडायची, शर्यतीसाठीच बेतलेली गाडी ही निराळी वस्तू आहे. तिला आवृत्त्या आहेत, त्या आवृत्त्यांचे कट्टर अभिमानी आहेत, आणि त्यांच्यातला वाद आपल्या चांगल्या ओळखीचा आहे: मूळ प्रत घ्यावी की सुधारित?

जपानच्या तामिया कंपनीची 'हॉर्नेट' १९८४ साली आली आणि २००४ मध्ये पुन्हा निघाली. क्योशोची १९८२ ची 'स्कॉर्पियन' २०१४ मध्ये परतली. अमेरिकेतील असोसिएटेडची 'आरसी-१०' हीदेखील १९८४ ची; १९८५ च्या पहिल्या जागतिक ऑफ-रोड स्पर्धेत दोन-चाकी चालनाच्या गटाचे विजेतेपद तिने मिळवले, आणि २०१३ मध्ये तिचीही पुनरावृत्ती निघाली.

या पुनरावृत्त्या हुबेहूब नसतात. जुन्या गाडीत वेगाचे नियंत्रण यांत्रिक असे. सर्व्हो एक सरकता संपर्क हलवी, वेगाला मोजक्याच पायऱ्या असत, आणि हळू चालवताना उरलेली वीज रोधकातून उष्णता होऊन वाया जाई. आज ते काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो. दोन खेळाडूंच्या रेडिओंतील क्रिस्टल एकाच वारंवारतेचे निघाले, तर दोघांना एका वेळी मैदानात उतरता येत नसे. शर्यतीआधी एकमेकांना विचारून घ्यावे लागे. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओने ती विचारपूस संपवली. काही पुनरावृत्त्यांच्या स्टिकरांवरून जुन्या प्रायोजकांची बोधचिन्हेही गळाली. खोक्यावरचे चित्र मात्र बहुधा जुनेच असते, आणि आमचा आक्षेप नेमका तेथे आहे.

शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतर आणि नकला यांतून शिरलेले अपपाठ दूर करून मुळाकडे जाणे हा त्यांचा हेतू होता. १९०९ मध्ये वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा त्यांचाही दावा मुळाचाच होता. दोघांची दिशा मागे जाण्याची होती. गाडीची पुनरावृत्ती पुढे जाते. ती शुद्धीकरण नव्हे, आधुनिकीकरण आहे. आधुनिकीकरणात गैर काही नाही. त्याने शुद्ध प्रतीचा वेष घ्यावा, हे गैर.

असे असूनही, चालवायची असेल तर सुधारित गाडीच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. चाळीस वर्षांचे प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते. एका आदळण्यात तुटलेला भाग पुन्हा मिळत नाही. शिवाय शर्यतीच्या मैदानावर 'मूळ' गाडी मूळ राहिलीच कुठे होती? खोक्यातले प्लॅस्टिकचे बुश काढून बेअरिंग घालणे, मोटर बदलणे, टायर बदलणे हे त्या काळीही खेळाडूचे पहिले काम होते.

मग बदलाला मर्यादा कोणती? आम्हां नवी मुंबईकरांना तिचे उत्तर बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये सापडते. १९८० च्या दशकात चार्ल्स कोरियांनी ही वसाहत रचली. शेजाऱ्याशी समाईक भिंत नाही, म्हणजे प्रत्येकाला आपले घर वाढवता यावे. आणि साधारण सात-सात घरे एकेका चौकाभोवती. आज कित्येक घरे ओळखू येऊ नयेत इतकी बदलली आहेत. काहींच्या जागी मजले चढले आहेत. तरीही चौकांची रचना दिसते, आणि म्हणून वसाहत ओळखू येते. गाडीतही घर कोणते आणि चौक कोणता, हे ठरवले पाहिजे. बॅटरी, रेडिओ, नियंत्रक ही घरे. ती खुशाल बदलावीत. चाकांपर्यंत शक्ती पोचवण्याची रीत आणि वळणावरचा गाडीचा स्वभाव हा चौक. क्योशोने १९८५ ची 'ऑप्टिमा' २०१६ मध्ये पुन्हा काढताना तिची साखळी राखली. पट्ट्याचा पर्याय हाताशी असतानाही राखली, म्हणून ती 'ऑप्टिमा' या नावास पात्र ठरते.

आणि जुनी, अस्सल गाडी? ती अभ्यासासाठी जपावी, आणि तिच्यात नवे काही घालू नये. त्या काळचा खेळाडू बॅटरी पुरवून वापरी, ते का, याचे उत्तर तापणाऱ्या रोधकातच आहे. दोष पुसला की त्या दोषाने घडवलेले कौशल्यही अनाकलनीय होते. साहित्याच्या शिक्षकाला हे निराळे सांगायला नको. कालबाह्य शब्द गुपचूप बदललेली आवृत्ती वर्गात सोपी जाते. विद्यार्थ्याला मात्र लेखक एका काळात, त्या काळाच्या भाषेशी झुंजत लिहीत होता, हेच कळत नाही.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वर संपादकांनी स्वीकारलेला पाठ, खाली नाकारलेले पाठ: वाचकाला संपादकाशी असहमत होण्याची सोय त्याच पानावर आहे. गाडीच्या खोक्यात जोडणीची पुस्तिका असतेच. तिच्या शेवटी एकच पान वाढवावे: काय बदलले, का बदलले, आधी काय होते. हे पान ज्या आवृत्तीला जोडले जाईल, मग ती गाडीची असो वा कादंबरीची, ती आम्ही निःशंक मनाने विकत घेऊ.