खसरा बरा झाला, पण विषाणू गेला का?

सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस काउंटीच्या आरोग्य विभागाने एका शाळकरी मुलाच्या मृत्यूची बातमी दिली. त्या मुलाला तान्हेपणी, लसीचं वय होण्याआधीच, गोवर झाला होता. गोवर बरा झाला, पण काही वर्षांनी मेंदू निकामी होत गेला. या आजाराला एसएसपीई म्हणतात.

गोवर, म्हणजे आपल्या घरांतला खसरा, पुरळ गेले की संपला असं आपण समजतो. पण मोजक्या मुलांत त्याचा विषाणू मेंदूत दबून राहतो, बदलतो आणि एका पेशीतून दुसऱ्या पेशीत पसरत जातो. साधारण सहा ते दहा वर्षं काहीच कळत नाही. मग अभ्यास घसरतो, मूल विसरायला लागतं, चिडचिड करतं. पुढे अंगाला झटके, तोल जाणं, फिट आणि शेवटी बेशुद्धी. खात्रीचा इलाज आजही नाही. मार्क कमी झाले म्हणजे हाच आजार असं मुळीच नाही. पण झटके आणि विसरणं सोबत दिसलं तर मुलाला रागावण्याआधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा आणि लहानपणी खसरा झाला होता हे जरूर सांगा.

त्या विभागाच्या माहितीनुसार गोवर झालेल्या सुमारे 10,000 पैकी एकाला हा आजार होतो; तान्हेपणी गोवर झालेल्यांत मात्र धोका 600 पैकी एकाइतका असू शकतो.

आपल्यासाठी ही बातमी दूरची नाही. 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवरची मोठी साथ आली होती. तेव्हाची तान्ही बाळं आता शाळेच्या उंबरठ्यावर आहेत.

लसीतूनच हा आजार होतो, अशी कुजबुज मोहल्ल्यात ऐकू येते. ती खोटी आहे. रुग्णांच्या मेंदूत सापडलेला विषाणू तपासला तेव्हा तो खऱ्या गोवरचाच निघाला, लसीतला नाही.

सरकारी केंद्रात लस मोफत मिळते: पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. नऊ महिन्यांखालच्या बाळाला सहसा लस देत नाहीत. त्याचा बचाव त्याच्या मोठ्या भावंडांच्या आणि शेजारच्या मुलांच्या लसीवर अवलंबून असतो. म्हणून आज घरातलं लसीकरणाचं कार्ड काढून बघा. दुसरा डोस राहिला असेल तर या आठवड्यातच देऊन घ्या.