क्षची किंमत

शाळेत बीजगणिताच्या तासाला गुरुजी फळ्यावर समीकरण लिहायचे आणि म्हणायचे, ‘क्षची किंमत काढा.’ जे ठाऊक नाही त्याला क्ष म्हणायचे, ही गणिताची रीत. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्ट्सबर्गच्या प्रयोगशाळेत विल्हेल्म रोंटगेन यांनीही तीच पाळली. प्रयोगाची नळी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली, खोली अंधारी, तरीही दूर ठेवलेला रसायन लावलेला पडदा उजळत होता. नळीतून काय निघते हे कळेना, म्हणून त्यांनी त्याला ‘एक्स’ म्हटले. मराठीने त्याचे क्ष केले. त्याच डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडे दिसत होती आणि बोटातली अंगठीही. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल त्यांना मिळाले. पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही. ८ नोव्हेंबर हा दिवस जगभर रेडिओग्राफी दिन म्हणून पाळला जातो.

सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये सकाळी अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, थेट इंडीकडची माणसे येतात. ती एक्स-रे म्हणत नाहीत, ‘फोटो काढायला सांगितलाय’ म्हणतात. वास्तविक हा फोटो नव्हे, सावली आहे. विणकर कापड उजेडासमोर धरतो, तेव्हा वीण विरळ तिथून उजेड येतो आणि दाट तिथे अडतो. क्ष-किरणांचेही तसेच. फुप्फुसातली हवा त्यांना अडवत नाही, म्हणून ती काळी दिसते. हाड अडवते, म्हणून ते पांढरे. मांस आणि पाणी मधल्या करड्या छटांचे. तंत्रज्ञ ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ म्हणतो, तेही याचसाठी. छाती हवेने भरली की फुप्फुस मोकळे दिसते आणि शरीर स्थिर राहिले की सावली हलत नाही.

पण सावली बोलत नाही, तिला बोलते करावे लागते. विड्या वळणाऱ्या एखाद्या बाईच्या छातीत पांढरट डाग दिसला, म्हणजे टीबीच झाला असे नाही. जुन्या आजाराचा वण असेल, न्यूमोनिया असेल, गाठही असेल. टीबी पक्का होतो तो थुंकीच्या तपासणीने. म्हणून फोटो वाचणाऱ्या डॉक्टरला खोकला किती दिवसांचा, ताप येतो का, वजन घटले का, काम कोणते, हे ठाऊक असावे लागते. चिठ्ठीवर नुसते ‘छातीचा एक्स-रे’ लिहिले, तर वाचणाऱ्याने अंधारात चाचपडायचे. यंत्र उत्तर देते. प्रश्न माणसानेच घालायचा असतो.

प्रश्न बदलला की यंत्र बदलते. कडक भाकरीच्या चवडीत मधली भाकरी करपली आहे का, हे वरून कळत नाही. एकेक सुटी करून पाहावी लागते. सीटी स्कॅन हेच करतो. क्ष-किरण चहूबाजूंनी सोडून संगणक शरीराचे एकेक काप मांडतो. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील विम्बल्डन येथे पहिल्या रुग्णाचे असे चित्र निघाले. सोनोग्राफीत किरण नसतातच, प्रतिध्वनी असतो. विजापूरच्या गोलघुमटात आवाज परत येतो, तसा कानाला न ऐकू येणारा आवाज अवयवांवर आपटून परततो. आतड्यातला वायू त्याची वाट अडवतो. म्हणून ओटीपोटाच्या तपासणीआधी पाणी पिऊन लघवी रोखायला सांगतात. भरलेल्या मूत्राशयातून आवाजाला सरळ वाट मिळते. एमआरआय शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनला प्रबळ चुंबकाने वळण लावून त्याचे संकेत टिपतो. म्हणूनच त्या खोलीत किल्ल्या आणि नाणी नेता येत नाहीत. यातले कोणतेही यंत्र दुसऱ्यापेक्षा ‘भारी’ नाही. ज्याचे काम त्याने करावे.

चुकीचा प्रश्न विचारला की काय होते, हे महाराष्ट्राला कोणी सांगायला नको. बाळ नीट वाढते आहे का, हे पाहणाऱ्या सोनोग्राफीला आपण ‘मुलगा की मुलगी’ विचारले. लिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे पहिले राज्य आपले, १९८८ साली. केंद्राचा कायदा आला १९९४ मध्ये. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवरची ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी म्हणजे यंत्राचा इशारा नव्हे, आपल्यावरचा ठपका आहे.

दुसरी चूक कमी गंभीर, पण रोजची आहे. ‘डॉक्टर, एकदा सगळंच स्कॅन करून टाका’ असे आपणच म्हणतो. छातीच्या साध्या एक्स-रेचा किरणोत्सर्ग फार तर ०.१ मिलिसिव्हर्ट असतो. निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिळतोच. पोटाच्या एका सीटीचा मात्र दहाच्या आसपास जातो. गरज असेल तेव्हा सीटी काढावाच, त्याने जीव वाचतात. नुसत्या हौसेखातर नको. सुरुवातीला हे कोणालाच ठाऊक नव्हते. एडिसनचे सहायक क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांवर काम करता करता दोन्ही हात गमावून १९०४ मध्ये गेले. हॅम्बुर्गला १९३६ मध्ये अशा हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले. आज तंत्रज्ञाच्या खिशाला लावलेली किरणमापक पट्टी आणि शिशाचा अ‍ॅप्रन ही त्यांचीच देणगी.

नवे यंत्र आले की फीत कापली जाते, छायाचित्र छापले जाते. ते चालवणारा तंत्रज्ञ आणि वाचणारा डॉक्टर पुरेसा आहे का, हे पुढच्या वर्षी कोणी विचारत नाही; ते विचारायला हवे. आपल्या हातातलेही थोडे आहे. जुने फोटो फेकू नयेत, कारण नवा डाग नवा आहे की जुना, हे जुन्याशेजारी ठेवूनच कळते. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर बाईने आधी सांगावे. आणि ‘हा फोटो कशासाठी?’ हे विचारायला संकोचू नये. समीकरण चुकीचे मांडले तर पुढचे गणित कितीही बिनचूक केले तरी क्षची किंमत चुकते, हे गुरुजींनी आपल्याला शाळेतच सांगितले होते.